दहापैकी किती

डॉक्टर विचारतात,
'बेंडकुळेबाई, दुखणं दहापैकी किती?'
बरं वाटतं.
कोणीतरी पुन्हा मोजायला सांगितलं.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
डाव्या अंगठ्यानं गड्डी दाबायची,
उजव्या तर्जनीनं कोपरा उचलायचा,
शाई फाकलेली, नंबर सरकलेला
कागद बाजूला.
सुटताना गेटवर झडती.
हात रिकामे आहेत हे रोज सिद्ध करून
जेल रोडनं घरी यायचं.
सांध्यांतून काय बाहेर आणलं
ते एकाही झडतीत सापडलं नाही.

आता पेरं सुजतात.
सकाळी मूठ मिटत नाही.
डब्याचं झाकण उघडायला
समोरच्या नववीतल्या पोराला हाक मारते.
'सात,' मी म्हणाले. 'थंडीत साडेसात.'
डॉक्टर हसले,
'अर्धी नोट चालत नाही, बाई.'

सोमवारच्या बाजारात, देवळाली गावात
हरसूलकडची मंजुळा गावित
ओल्या हळदीचे वाटे लावून बसते.
मातीनं माखलेली कांडी, आल्याची सावत्र बहीण.
एक कांडं नखानं खरवडून दाखवते.
आत नारिंगी, जवळजवळ लाल.
'लगीन हाय का घरात?'
'नाही. बोटांसाठी.'
ती माझी बोटं हातात घेऊन बघते,
भाव करायच्या आधी.
'मंग तुपात परत. मिरं घाल.
नुसती गिळशील तर
पाव्हण्यासारखी आली तशी निघून जाईल.'

तर परतते.
किसून, मंद आचेवर,
चार मिरं भरड कुटून. कुटतो पोरगाच.
गरम भाकरीवर घेते, कधी वरणात ढवळते.
चकत्यांचं लोणचं घातलंय, लिंबू पिळून.
दुधात नाही. दूध मला सोसत नाही,
आणि सगळे पहिल्यांदा तेच सुचवतात.
ओट्यावर डाग पडलेत.
प्राजू म्हणते, 'आई, हे निघायचे नाहीत.'
नाही निघाले तर नाही.

संक्रांतीनंतर खालच्या मजल्यावर हळदीकुंकू.
यांना जाऊन सहा वर्षं झाली.
मला बोलावतात, नाही असं नाही.
तिळगूळ देतात, वाण देतात.
करंडा तेवढा माझ्यापाशी
जरासा अडखळून पुढे जातो.
राग येत नाही. ओळखीचा हात आहे तो.
सदोष नोट आम्ही
इतक्याच हळुवारपणे बाजूला ठेवायचो.
मी हात मांडीवर ठेवून बसलेली.
पेरांच्या घड्यांत, नखांच्या कडांना
पिवळं, साबणाला न जुमानणारं.
मोजाडवहिनींची नजर तिथे गेली,
तिथेच राहिली थोडा वेळ.
मग त्यांनी मसाला दूध पुढे केलं.
वाणात स्टीलचा छोटा चमचा मिळाला.
हळद मोजायला अगदी बेताचा.

वहीत रोजचा आकडा लिहिते.
सात. सात. साडेसहा
(अर्धी नोट माझ्या वहीत चालते).
फेब्रुवारीत पाच, एकदा चक्क चार,
मग उगाचच पुन्हा सहा.
गोळी बंद नाही, डॉक्टरांनी अर्धी केली.
हळदीचं त्यांना आधीच सांगून ठेवलंय,
लपवून खायला ती काही तंबाखू नाही.
गुण तिचा, की गोळीचा,
की थंडी सरल्याचा, कोण जाणे.
नोट उजेडासमोर धरली की खरंखोटं कळायचं.
दुखणं कुठल्या उजेडासमोर धरू?

आज पाच.
पाच म्हणजे डब्याचं झाकण उघडतं,
लोणच्याच्या बरणीचं नाही.
बरणीसाठी पोरगा आहे.